थेंबांनी एकाग्रता येत नसते



मागच्या आठवड्यात आमच्या महिला मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक निरोप आला. पुष्य नक्षत्राच्या दिवशी भवनाच्या खालच्या हॉलमध्ये पाठशाळेच्या मुलांसाठी थेंब पाजण्याचं शिबिर. प्रतिकारशक्ती वाढवा, चंचलता घालवा, एकाग्रता मिळवा. खाली सहा महिन्यांच्या कोर्सची किंमत, आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात एक ओळ की परदेशातल्या संशोधनानुसार मुलांच्या चंचलतेचं मूळ कमकुवत प्रतिकारशक्तीत आहे. पाहता पाहता चाळीसेक जणींनी हात जोडले, काहींनी मुलांची नावंही टाकली. मी हात जोडले नाहीत. त्या ओळीवर माझं भांडण आहे, आणि ते आज इथे मांडते. ग्रुपवर मांडलं असतं तर दोन मिनिटांत कोणीतरी सुप्रभातचा फोटो टाकून ते वर ढकललं असतं.

आधी माझी चूक सांगते. ते थेंब मीही पाजलेत. माझा नातू आता नऊ वर्षांचा आहे. तो सात वर्षांचा असताना शाळेतून चिठ्ठ्या यायला लागल्या: वही अर्धी, डबा अर्धा, जागेवर बसत नाही, दुसऱ्याचं बोलणं तोडतो. सूत्रं मात्र दोनदा ऐकली की तोंडपाठ. चातुर्मासात त्याला सामायिकाला शेजारी घेऊन बसायचे. अठ्ठेचाळीस मिनिटं सोडा, आठ मिनिटांत तो मुहपत्तीच्या दोऱ्याशी खेळायचा, मग आसन गुंडाळायचा, मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून पाय भिंतीला. मागे बसलेल्या एक बाई म्हणाल्या, "संस्कार कमी पडले हो." दुसरीने सांगितलं, "इम्युनिटी कमी असेल, थेंब सुरू करा." पहिलीचं मनाला लागलं आणि दुसरीचं मी ऐकलं. सूनबाई म्हणत होती, "मम्मी, आधी डॉक्टरांना दाखवू या." मी म्हटलं, थेंबांनी काय नुकसान होणार आहे?

सात महिने गेले. हेच नुकसान. त्या सात महिन्यांत तो दुसरीतून तिसरीत गेला, वाचनात मागे पडला आणि स्वतःला ढ म्हणायला शिकला.

आणखी एक सांगते, लाज वाटते तरी. या थेंबांचं पारंपरिक अनुपान तूप आणि मध. मध! ज्या घरात आम्ही बिस्किटाच्या पुड्यामागची बारीक अक्षरं भिंगातून वाचतो, त्या घरात सात महिने मधाचे थेंब नातवाच्या जिभेवर पडत होते आणि मी एकदाही बाटली उलटी करून पाहिली नाही. भवनात होणाऱ्या शिबिरात तरी कोणी विचारलं आहे का? माझा राग आयुर्वेदावर नाही. अर्जुनाच्या सालीपासून ओव्याच्या धुरीपर्यंत सगळं आमच्या घरात चालतं. जे पुस्तकात लिहिलेलं नाही ते पत्रकावर छापून विकणाऱ्यांवर माझा राग आहे.

तर ते परदेशातलं संशोधन. शेवटी आम्ही नाशिकला बालमानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी दोन भेटींत तपासलं, शाळेकडून फॉर्म भरून घेतला आणि एडीएचडी असं निदान सांगितलं. मी पत्रक पुढे केलं. ते म्हणाले, "काकू, प्रश्न खरा आहे, उत्तर खोटं आहे." त्यांनी समजावलं आणि काही कागद दिले. घरी येऊन मुलाच्या मदतीने मी ते वाचले. मी १९८१ ची बी.कॉम. आहे, डॉक्टर नाही. पण किर्द, खतावणी आणि तेरीज मला कळते, आणि कागद खरं बोलतोय की नाही हे पाहायला तेवढं पुष्कळ होतं.

प्रतिकार यंत्रणेचा आणि मुलांच्या लक्षाचा काही संबंध आहे का, हा प्रश्न शास्त्रज्ञ खरोखर विचारत आहेत. दमा, इसब, अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांत एडीएचडी थोडी जास्त दिसते, हे बऱ्याच देशांच्या नोंदींत आढळलंय. नॉर्वेत देशभराच्या नोंदी तपासून २०१७ मध्ये असं दिसलं की ज्या आयांना दमा, संधिवात, थायरॉइड यांसारखे प्रतिकार यंत्रणेशी जोडलेले दीर्घ आजार होते, त्यांच्या मुलांत एडीएचडीचं प्रमाण काहीसं अधिक होतं. आता मैत्रिणींनो, या आजारांची नावं पुन्हा वाचा. दमा, इसब, अ‍ॅलर्जी, संधिवात. यांतला कुठला आजार प्रतिकारशक्ती कमी पडल्याने होतो? एकही नाही. या सगळ्यांत शरीराचा पहारेकरी गरज नसताना काठी चालवतो, कधी परागकणावर, कधी घरच्याच माणसावर. म्हणजे शंका आहे ती भलत्या जागी भडकणाऱ्या पहारेकऱ्याची, आणि पत्रक सांगतं की त्याला आणखी खुराक द्या. दुकानात जमा आणि नावे अशी उलटी लिहिणारा मुनीम आपण दुसऱ्या दिवशी ठेवला नसता.

याचं एक उदाहरण तर फार जुनं आहे, आणि ते मी डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा ते काय होतं हे मला माहीत नव्हतं.

१९७१, धुळे, माझं माहेर. मी सहावीत. माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचं अक्षर वर्गात सगळ्यांत सुंदर होतं. दिवाळीनंतर ते बिघडायला लागलं. दौत सांडायची, हातातून पट्टी पडायची, बसल्या जागी खांदा उडायचा, तोंड वेडंवाकडं व्हायचं. बाईंना वाटलं, मस्करी करते. उभं केलं, पट्टीने बोटांवर मारलं. जितकं मारलं तितकी बोटं जास्त नाचायची. आम्ही मुली हसायचो, हो, मीसुद्धा. शेजारच्या म्हाताऱ्या आजी म्हणायच्या, पोरीला बाहेरचं शे. तिच्या आईने अंगारा लावला, गंडा बांधला. पुढे सांधे सुजले, ताप आला, मग मुंबईच्या डॉक्टरांनी हृदयाची झडप खराब झाल्याचं सांगितलं. मी एस.वाय.ला होते तेव्हा ती गेली. एकोणीस वर्षांची होती.

नाशिकच्या डॉक्टरांना मी हे सहज सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. म्हणाले, वर्णन सिडनहॅम कोरियाचं वाटतं. थॉमस सिडनहॅम या इंग्रज डॉक्टरने १६८६ मध्ये या आजाराचं वर्णन करून ठेवलं होतं. स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूने घसा दुखतो, आठपंधरा दिवसांत बरा होतो, सगळे विसरून जातात. पण त्या जंतूंविरुद्ध शरीराने बनवलेल्या अँटिबॉडी काही मुलांत चूक करतात. त्या सांध्यांवर, हृदयाच्या झडपांवर आणि मेंदूतल्या हालचाली सांभाळणाऱ्या भागावर जातात. मग मूल वळवळतं, वस्तू पाडतं, लक्ष टिकत नाही, चिडतं, रडतं. मुलांपेक्षा मुलींत हे जास्त दिसतं. घसा दुखत असताना वेळेवर पेनिसिलिन मिळालं तर पुढचं बहुतेक टळतं, आणि एकदा आजार झाला तर ठरावीक आठवड्यांनी वर्षानुवर्षं इंजेक्शन घेऊन हृदय वाचवता येतं. अंगाऱ्याने नाही, थेंबांनी नाही.

हा आजार आणि एडीएचडी एक नव्हेत, हे डॉक्टरांनी दोनदा बजावलं. एडीएचडी अशी एका दिवाळीनंतर अचानक येत नाही, ती लहानपणापासून असते. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसतं की तिच्यात सुमारे तीन चतुर्थांश वाटा आनुवंशिक आहे. (आमच्या घरात तो वाटा कुणाकडून आला ते मी सांगणार नाही. पेढीवर चष्मा, दुकानात छत्री आणि लग्नात सासऱ्यांची पगडी विसरून आलेला माणूस हे वाचतोय.) अमेरिकेत १९९८ मध्ये सुझन स्वीडो आणि सहकाऱ्यांनी असंही मांडलं की घशाच्या त्याच जंतूनंतर काही मुलांना अचानक अंगविक्षेप आणि विचारांचा चाळा लागतो. त्यावर डॉक्टरांमध्ये अजून वाद चालू आहे. पण प्रतिकार यंत्रणा मुलाच्या वागण्यात ढवळाढवळ करू शकते, हे कोरियाने सिद्ध केलंय. म्हणूनच प्रश्न खरा. आणि म्हणूनच तो पत्रकवाल्यांच्या हाती द्यायचा नाही.

नोंदींत संबंध दिसला म्हणजे कारण सापडलं, असंही नाही. दोन खात्यांत एकाच महिन्यात रक्कम वाढली म्हणून एकातली दुसऱ्यात गेली असं कोणताही ऑडिटर मानत नाही. तो व्हाउचर मागतो. इथे व्हाउचर अजून नाही. इसबाचंच घ्या. आमच्या नातवाला इसब आहे. रात्रभर कोपर आणि गुडघ्यामागे खाजवतो. ज्या मुलांची झोप इसबाने मोडते त्यांच्यात चंचलता अधिक दिसते, असं अभ्यासांत आलंय. मग दोष अँटिबॉडीचा की न झालेल्या झोपेचा? शिवाय खाज थांबावी म्हणून दिली जाणारी जुनी, गुंगी आणणारी औषधं दुसऱ्या दिवशी वर्गात पेंग आणतात. आम्ही डॉक्टरांच्या सल्ल्याने इसबाचा नीट उपचार केला, मलम वेळेवर, औषध बदललं. एडीएचडी गेली नाही. पण सकाळी तो माणसासारखा उठायला लागला.

आता दुसरा बाजार, रक्त तपासून अ‍ॅलर्जीची यादी देण्याचा. धुळ्याला माझ्या भाचीने चंचल मुलाची आयजीजी नावाची तपासणी करून घेतली. पैसे किती ते लिहीत नाही, तिच्या सासूबाईही हे वाचतात. रिपोर्टमध्ये लाल खुणांची लांब यादी आली: दूध, गहू, तूर, शेंगदाणे, केळी. खान्देशात राहून केळी बंद! आपल्या घरांत आधीच कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, सूर्यास्तानंतर जेवण नाही. त्यातून दूध, गहू, तूर काढली तर त्या पोराने खायचं काय, रिपोर्ट? तीन महिन्यांत त्याचं वजन उतरलं आणि चंचलता होती तेवढीच राहिली.

युरोपातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच सांगितलंय की ही तपासणी आपण काय खाल्लं ते दाखवते, अ‍ॅलर्जी दाखवत नाही. जे मूल रोज दूध पितं त्याच्या रक्तात दुधाची खूण येणारच. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये शंभर मुलांवर आहाराचा प्रयोग झाला, २०११ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात छापून आला. मोजके पदार्थ ठेवून बाकी सगळं बंद केल्यावर बऱ्याच मुलांचं वागणं सुधारलं असं त्यात आहे, आणि आहारवाले तेवढंच वाक्य कापून छापतात. पण कोणत्या मुलाचा आहार बदललाय हे आईबापांना माहीत होतं, हा त्यातला कच्चा दुवा. आणि त्याच लेखात लिहिलंय की आयजीजीच्या आकड्यांचा मुलाच्या वागण्याशी काही मेळ बसला नाही, तेव्हा ती तपासणी करून आहार ठरवू नका. त्यांनीच लिहिलंय. हे वाक्य कोणी छापत नाही.

खाण्याचंच काही पाळायचं असेल तर रंग पाळा. इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टनला २००७ मध्ये साध्या, निदान नसलेल्या मुलांना कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट घातलेलं पेय देऊन पाहिलं, तेव्हा त्यांची वळवळ थोडी वाढली. थोडीच, पण वाढली. जुलै २०१० पासून युरोपात असे सहा रंग असतील तर पाकिटावर तसा इशारा छापावा लागतो. त्यांतले टार्ट्राझीन आणि सनसेट यलो आपल्याकडे बिनइशारा चालतात. मागच्या शिबिरात थेंब पाजून झाल्यावर प्रत्येक मुलाच्या हातावर काय ठेवलं होतं? नारिंगी गोळी.

आता जे मला सगळ्यांत जास्त टोचतं ते. प्रतिकारशक्तीचं हे बोलणं फिरून फिरून आईवर येतं. सूनबाईला गरोदरपणात थायरॉइडची गोळी चालू होती. नॉर्वेची बातमी कुठूनतरी कळल्यावर एका नातेवाईक बाईंनी तिला तोंडावर विचारलं, "तेव्हाच तुझं काहीतरी बिघडलं असेल ना?" त्या रात्री ती जेवली नाही. नॉर्वेचा आकडा हजारो आयांचा आहे, त्यातून एका आईचा निकाल लागत नाही. ज्यांना ते आजार होते त्यांतल्या बहुतेकींची मुलं एडीएचडीशिवायच वाढली.

आईच्या गरोदरपणाचा मुलाच्या लक्षाशी संबंध असतो का, हे तपासणं किती अवघड असतं ते आपल्याच महाराष्ट्रात दिसलंय. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलने डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांची नोंद ठेवायला सुरुवात केली. ती मुलं नऊ वर्षांची झाल्यावर शंभरेक मुलांना कोडी आणि चाचण्या दिल्या. ज्यांच्या आयांच्या रक्तात गरोदरपणी बी-१२ फार कमी होतं, ती मुलं लक्ष टिकवण्याच्या एका चाचणीत आणि आकडे उलटे म्हणण्यात मागे पडली. बाकी चाचण्यांत फरक नव्हता. हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. दोन वर्षांनी म्हैसूरच्या मुलांचा असाच अभ्यास आला. तिथे बी-१२ चा संबंध दिसला नाही, फोलेटचा दिसला. दोन वह्या, दोन बेरजा. तरी कुणी खोटं बोललं नाही, दोघांनी आपापला आकडा छापला. याला म्हणतात हिशेब.

पण बी-१२ बद्दल हात वर करून मोकळं होऊ नका. शाकाहारी बायकांत ते कमी असतं, आणि आयंबिल, एकासणं करणाऱ्या, दूध न आवडणाऱ्या आपल्या मुलींत तर विचारूच नका. ती तपासणी साधी आहे. बी-१२ कारखान्यात बनतं ते जिवाणू वाढवून, मांसातून नाही. जिलेटिनची कॅप्सूल नको असेल तर साधी गोळी मागा. चंचलतेवरचा इलाज म्हणून नव्हे, सूनबाईचे हातपाय बधिर होऊ नयेत म्हणून. थेंबांवर खर्च करणाऱ्या घरात ही तपासणी झालेली नसते, हे मी पैज लावून सांगते.

आणि कर्माचं. मला स्थानकात सांगण्यात आलं की हे मुलाचं ज्ञानावरणीय कर्म आहे, कोण काय करणार. मग चष्मा लावताना दर्शनावरणीय कर्म का आठवत नाही? बीपीची गोळी घेताना असाता वेदनीय कुठे जातं? कर्म मी मानते, पूर्ण मानते. म्हणूनच तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात ज्ञानावरणीय कर्म कशाने बांधलं जातं तेही वाचते. ज्ञानात अंतराय आणणं हे त्यातलं एक कारण आहे. एका मुलाला शिकता यावं म्हणून जो उपचार हवा, त्यात सात महिने अंतराय कोणी आणला? मुलाने नाही. मी आणला. पर्युषणात त्याच्यापुढे हात जोडून मिच्छामि दुक्कडम् म्हणाले तेव्हा त्याला वाटलं दादी खेळतेय.

शहाणपण सरकारी यादीत सापडलं, यावर माझा अजून विश्वास बसत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्यात मुलांचे आजार आणि दोष तपासायची यादी आहे. एकाच यादीत रुमॅटिक हृदयविकारही आहे आणि एडीएचडीही. माझी मैत्रीण आणि माझा नातू, दोघंही. ते पथक अंगणवाडीत, सरकारी आणि अनुदानित शाळांत जातं. आपली मुलं विनाअनुदानित इंग्रजी शाळांत, तिथे कोणी येत नाही. फी भरतो ना आपण, मग तपासणीसाठी पायही आपलेच झिजवायचे. धुळ्याला भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावलाही २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मूल अचानक वळवळायला लागलं, वस्तू पाडायला लागलं, अक्षर बिघडलं तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा आणि महिना-दोन महिन्यांत घसा दुखला होता का ते आठवून सांगा. पहिल्यापासूनच चंचल असेल तर बालमानसोपचारतज्ज्ञ. औषध लागेल की नाही ते त्यांना ठरवू द्या. आमच्याकडे लागलं. लागलं तर लागलं.

सामायिकाचं विचाराल तर तो अजून अठ्ठेचाळीस मिनिटं बसत नाही. वाळूची घडी सांभाळायचं काम त्याच्याकडे दिलंय. वाळू किती उरली ते तो मला बोटांनी दाखवतो, आणि मधे दोनदा पाणी बघून येतो. महासतीजींनी पाहिलं, हसल्या, काही बोलल्या नाहीत.

मंडळाच्या अध्यक्षांना मी काल पत्र दिलं, हाताने लिहून, सहीसकट. तीन गोष्टी विचारल्यात. थेंबांत मध आहे का. ज्या संशोधनाचं नाव पत्रकावर आहे ते कुठे आणि कधी छापलं. आणि पाठशाळेच्या मुलांची नावं आणि फोन नंबर विक्रेत्याला कोणी दिले. शिबिर येत्या पुष्य नक्षत्राला आहे. उत्तर अजून आलेलं नाही.